सतरा निळे खूर

"ही लंगडत हुती," मायाप्पा म्हणाला.

मी पालथी पडून होते. नाकाखाली लाकडी चौकटीवर ताणलेला प्लॅस्टिकचा कागद, त्याच्याखाली बोटभर अंतरावर चार हजार वर्षांपूर्वीची जमीन, हातात काळं पेन. जमिनीत उमटलेले खूर मी त्या कागदावर जसेच्या तसे उतरवत होते. सकाळपासून सहा झाले होते.

"कशावरून, मामा?"

"ह्यो मागचा डावा बग की. नुसती कड टेकलीया. भार समदा उजव्यावर. आन ह्यो बारका खूर हाय न्हवं, त्यो वासराचा. आईच्या पोटाला घासून चाललंय."

मी पेन थांबवून पाहिलं. मला दोन खळगे दिसत होते, एक खोल आणि एक उथळ. त्याने सांगितल्यावर त्यांच्यातून एक गाय चालू लागली.

"कुठं चाललेत?"

"हिकडनं तिकडं." त्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे हात फिरवला. "सांजच्याला. प्वाट भरल्यालं हाय. सकाळचं जनावर असं रुतत न्हाई."

हे कोळनूरच्या शिवारातलं, फाल्गुनातलं. गाव सोलापूरच्या दक्षिणेला, जिथे मराठी बोलताना माणसं मधेच कानडीत शिरतात आणि त्यांना ते कळतही नाही. गावाबाहेर दोन पुरुष उंचीची एक करडी-पांढरी टेकडी होती. गाव तिला बूदी म्हणे. कानडीत बूदी म्हणजे राख. बाया तिथली राख भांडी घासायला नेत, बाळंतिणी चिमूटभर कपाळाला लावत, आणि ती कुणाच्या चुलीची राख, असा प्रश्न कुणाला पडला नव्हता. आमच्या पुरातत्त्व संस्थेच्या हळबे सरांना पडला. धातू माहीत नसलेल्या काळात इथे गुराख्यांचा तळ होता, असं सरांचं म्हणणं. गुरं कोंडायची, शेण साठायचं, मग ते सगळं एकदम पेटवून द्यायचं, आणि त्याच राखेवर पुन्हा गुरं कोंडायची. अशी कितीतरी शतकं. काही थर इतके तापले होते की शेणाची काच झाली होती. तिच्या खड्यावर खडा आपटला की घंटेसारखा नाद येई.

ही टेकडी नव्या रस्त्याच्या आखणीत बरोबर मध्यावर आली होती. आम्हाला खणायला बारा दिवस मिळाले होते. शेजारच्या रानात पिवळा बुलडोझर उभा होता आणि त्याचा चालक सावलीत पत्ते खेळत आमचे दिवस मोजत होता.

त्या बारा दिवसांत मला सारखं झोपेत चालल्यासारखं वाटे. राखेत पावलांचा आवाज होत नाही. माणूस पाठीमागे येऊन उभं राहिलं तरी कळत नाही. दुपारपर्यंत सगळ्यांचे केस, भुवया, पापण्या पांढऱ्या होत, आणि कोण तरणं, कोण म्हातारं ते ओळखू येईनासं होई. वारा सुटला की टेकडीच्या कडा धूसर व्हायच्या, पाट्या वाहणाऱ्या बाया त्या धुरकटात शिरायच्या आणि दुसऱ्या बाजूने दुसऱ्याच कुणीतरी असल्यासारख्या बाहेर यायच्या.

"कालिंदीबाई, आमी रोज शेण काढताव," पाटी रिकामी करत गौराबाई म्हणाली. मजूर बायांमधली ती सगळ्यात बोलकी. "आमच्या शेणाला कोण कुत्रं इचारत न्हाई. आन ह्या शेणाला पुण्याचा सायब बुरुशानं झाडतोय. शेणाचं बी नशीब असतंय बगा."

"तुझंही शेण चार हजार वर्षं ठेव," सर खड्ड्यातूनच म्हणाले. "मी येतो झाडायला."

"तंवर तुमी ऱ्हाताय व्हय?"

सर हसले. त्यांना साठी जवळ आली होती. बोलणं कमी, आणि जे बोलत ते नियमासारखं. मला पहिल्या दिवशी त्यांनी एकच गोष्ट सांगितली होती: "जे दिसतं ते काढायचं. जे असायला हवं असं वाटतं ते काढायचं नाही." मी संस्थेत हंगामी ड्राफ्ट्समन होते. बाई असले तरी पदाचं नाव तेच. एप्रिलमध्ये कायम करायचं की नाही ते ठरणार होतं.

खुरांची जमीन पाचव्या दिवशी लागली. टेकडीच्या पायथ्याशी, गुडघाभर खोलीवर, तुडवलेल्या चिखलाचा एक सपाट थर आणि त्यात चौदा खूर, तळाशी पांढरी राख भरलेले. सरांनी बुरुश खाली ठेवला. मग तालुक्याला जाऊन त्यांनी रस्त्याच्या साहेबांना फोन केला. तांबोळी नावाचे ते कार्यकारी अभियंता माणूस सरळ होते. त्यांनी आधीच सांगितलं होतं, "हळबे साहेब, राख दाखवून रस्ता वळत नाही. डोळ्यांना दिसेल असं काहीतरी दाखवा. मी शंभर फूट वळवायचं लिहून पाठवतो." ते सोमवारी दहाला येणार होते. त्याच दिवशी दुपारी पुण्याहून फोटोग्राफर येणार होता.

तोवर ती जमीन सांभाळायची होती. उघडी पडलेली माती उन्हाने तडकते, म्हणून तिच्यावर पाणी शिंपडून ओली गोणपाटं अंथरून ठेवायची. हे काम मायाप्पाचं. तो राखणदार होता. पाठीवर घोंगडं, कानात बाळी, आणि खूर वाचण्याची ती विद्या. सरांनी त्याला एकदा विचारलं, "मायाप्पा, एवढं शेण साठवून जाळलं का असेल? शेतात का नाही टाकलं?"

"बुळकांडी आली आसंल," तो म्हणाला. "गुरं पटापटा मरायला लागली की गोठा पेटवत्यात. माझ्या आज्यानं पेटवलावता. रोग जळतोय."

सरांनी ते वहीत लिहून घेतलं, त्याच्या नावासकट.

शनिवारी दुपारी मायाप्पा सरांपुढे येऊन उभा राहिला. त्याच्या गाईचे दिवस भरून वर गेले होते. मल्ली तिचं नाव. पांढरी खिलार, पहिलटकरीण. दोन दिवस ती चारा तोंडात धरत नव्हती. तालुक्याचा जनावरांचा डॉक्टर लग्नाला गेला होता.

"सायेब, मल्लीला एकडाव बूदीवरनं फिरवू का?"

"कशाला?"

"अडली गाय हितनं फिरवली की मोकळी हुती," गौराबाईने मध्येच सांगितलं. "रीतच हाय. माझ्या म्हायेरची बी गाय आनलीवती, पाच कोसावनं."

"हितनं म्हणजे कुठून?"

मायाप्पाने हात फिरवला. दक्षिणेकडून उत्तरेकडे. आमच्या खड्ड्यावरून.

"सोमवारनंतर," सर म्हणाले. "सोमवारी साहेब येऊन गेले की हवी तितकी फिरव. तोवर खड्ड्यात मांजरही जायचं नाही. कळलं?"

"सोमवारपतुर ती ऱ्हाती का बगाय पायजे," मायाप्पा म्हणाला. रागाने नाही. हवामान सांगावं तसं.

रविवारी मी चौदा खूर पुरे केले. कागदाच्या कोपऱ्यात तारीख घातली. जिथे नुसती मऊ राख होती तिथे बारीक ठिपके दिले; राखेची ती खूण. ठिपके देता देता डोळे मिटत होते, आणि मिटले की ती लंगडी गाय आणि तिचं वासरू पापणीच्या आत चालत होते.

सोमवारी मला पहाटे जाग आली. चौकटीची एक दोरी सैल झालीय असं रात्रभर वाटत होतं, ती तपासावी म्हणून तंबूतून निघाले. खड्ड्याच्या पूर्वेच्या काठाशी पोचले तेव्हा सूर्य नुकता वर येत होता. गोणपाटं जमिनीवर नव्हती. नीट घडी घालून एका बाजूला ठेवली होती, अंथरुणं ठेवावीत तशी.

पाट्या वर न्यायला दक्षिणेकडे आम्ही एक उतरण ठेवली होती. तिच्या माथ्यावर मल्ली उभी होती.

पांढरी गाय, खाली पांढरी राख, मागे पांढरं आकाश. तिची नुसती शिंगं आणि डोळे दिसत होते. पोट दोन्ही अंगांना उतरलेलं. मायाप्पाच्या हातात दावं होतं, पण तो ओढत नव्हता. तोही थांबला होता. मग गाईने मान खाली केली, जमिनीचा वास घेतला आणि एक पाय खाली टाकला.

माझ्या तोंडात शब्द होता. 'मामा, नको' एवढाच.

आम्ही दोन दिवस पाणी पाजून मऊ ठेवलेल्या त्या जमिनीने तो पाय अलगद घेतला. दुसरा पाय. तिसरा. काहीही आवाज नाही. लंगडी गाय जिथून गेली होती तिच्या हातभर बाजूने, त्याच दिशेने, तसाच अवघडलेला देह घेऊन मल्ली चालली होती. माझी सावली उन्हाबरोबर लांब होऊन त्या जमिनीवर आडवी पडली होती. मल्ली तिच्यावरूनही गेली. मला त्या क्षणी कुठली गाय कधीची, ते खरोखर सांगता आलं नसतं. आधीची दिसतेय आणि आत्ताची आठवतेय असं वाटत होतं. एक खूर उतरवायला लागतो तेवढाच वेळ गेला असेल. ती उत्तरेच्या काठाने वर चढली, मायाप्पा तिच्या मागोमाग गेला, आणि टेकडीआड दोघं दिसेनासे झाले.

मी तंबूत परतले आणि स्टोव्हवर चहा ठेवला.

साडेआठला सर खड्ड्याकडे गेले. मी पोचले तेव्हा ते खड्ड्याच्या काठावर बसलेले होते. त्यांना असं मातीत टेकून बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मायाप्पा समोर उभा होता.

"म्या नेली, सायेब," तो म्हणत होता. "मल्ली रातभर कण्हत हुती. म्या नेली."

सर खड्ड्याकडेच पाहत होते. चौदातल्या तीन खुरांवर मल्लीचा पाय पडला होता. बाकीचे अकरा तसेच होते, पण आता त्यांच्या आजूबाजूला सतरा नवे होते, खोल, ओले, चकाकणारे. जुन्यांपेक्षा ते जास्त स्पष्ट होते.

"कालिंदी," सर शेवटी म्हणाले, "दुसरा कागद घे. आत्ता जे आहे ते काढ. नवे निळ्या पेनाने."

"सर, नवे कशाला..."

"जे दिसतं ते काढायचं."

माझ्याकडे तास होता. मी निळे सतरा खूर काढले. पूर्वेच्या काठाशी आले आणि थांबले. सकाळी मी इथे उभी होते. ओल्या राखेत माझ्या चपलांचे दोन ठसे असणार, टोकं खड्ड्याकडे, उभं राहून राहून खोल गेलेले. तिथे ते नव्हते. तेवढा भाग खराट्याने झाडलेला होता. बारीक समांतर रेघा दिसत होत्या. रोज सकाळी कडा झाडायचं काम गौराबाईचं. सुटले, असं मला वाटलं. तसं वाटल्याचं मला अजून आठवतं.

तांबोळी साहेब दहाला पाच मिनिटं कमी असताना आले. बूट काढून, पँट वर दुमडून खड्ड्यात उतरले. चकाकणाऱ्या एका खुराशी बसले आणि म्हणाले, "वा! हा चार हजार वर्षांचा?"

"नाही," सर म्हणाले. "तो आज सकाळचा. त्याच्या शेजारचा चार हजार वर्षांचा."

त्यांनी सगळं सांगितलं. मायाप्पाने मग एकेक दाखवलं: ह्यो मल्लीचा, ह्यो त्यांचा, ह्याच्या बुडाला राख हाय, ह्याच्या न्हाई, आमचं जनावर थोराड, त्यांचं बारकं. साहेब शेतकऱ्याच्या घरातले असावेत. ते मान डोलावत पाहत होते. दोन्ही कागद त्यांनी एकावर एक ठेवून उन्हात धरले.

"हळबे साहेब, मला पटतंय," ते म्हणाले. "पण वर काय लिहू? जमिनीवरून सकाळी गाय गेली, राखणदाराची. वरचे लोक म्हणतील, आज सकाळी सतरा उमटले, तर हे चौदा काल उमटले असतील. परवा किती? कागदावर तारीख तुमच्याच माणसाने घातलीय. गाय एकदाच गेली, आजच गेली, आणि ती जायच्या आधी हे चौदा होते, हे गाय जाताना डोळ्यांनी पाहिलेलं कुणी आहे का? मी इथेच जबाब लिहून घेतो. तेवढ्यावर प्रयत्न करता येईल."

सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, कारण मी तंबूत झोपले होते अशीच त्यांची समजूत होती. माझ्या तोंडात पुन्हा शब्द होता. आणि त्या शब्दाच्या पाठोपाठ येणारा साहेबांचा पुढचा प्रश्न मला स्वच्छ ऐकू येत होता: पाहिलंत, तर थांबवलं का नाही?

"कोन न्हवतं, सायेब," मायाप्पा म्हणाला. "म्या येकलाच हुतो."

"तुझा जबाब चालणार नाही, बाबा. गाय तुझी."

साहेबांनी पाय झाडले, बूट घातले. सरांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "पाच दिवस आहेत अजून. जेवढं नेता येईल तेवढं न्या." जीप गेली तशी तिच्या मागे राख उठली आणि बराच वेळ खाली बसली नाही.

त्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला मल्ली व्याली. कालवड झाली. गौराबाईच खबर घेऊन धावत आली आणि सरांपुढे आल्यावर, आनंद करावा की नाही ते न कळून, पदर तोंडाला लावून उभी राहिली.

"जगली का?" सरांनी विचारलं.

"जगली की! हुबी बी ऱ्हायली."

"मग बरं झालं," सर म्हणाले आणि पुन्हा बुरुश हातात घेतला.

पाच दिवस आम्ही खणलं. बाराव्या दिवशी बुलडोझरच्या चालकाने पत्ते गुंडाळले. त्याने विचारलं, "सुरू करू का?" सरांनी घड्याळ पाहून सांगितलं, "पाच वाजेपर्यंत माझी वेळ आहे." पाच वाजेपर्यंत तो थांबला.

त्याआधी, दुपारी मी भांडी, हाडं आणि ती काच पेट्यांत भरत होते, तेव्हा मायाप्पा आला. हातात पितळी डबा. मल्लीच्या चिकाचा खरवस, गूळ घातलेला. सरांनी एक वडी खाल्ली, मग दुसरी मागून घेतली, आणि डबा मायाप्पाच्या हातात परत देताना त्याच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला. पेट्या मोजायला ते ट्रककडे गेले.

मायाप्पा माझ्याजवळ उकिडवा बसला.

"तू बी खा, अक्का. तुज्यामुळं हाय."

"माझ्यामुळे?"

"त्या सकाळी म्या वर थांबलो हुतो. सायबांनी न्हाई म्हटल्यालं डोस्क्यात हुतं. परत फिरवणार हुतो तिला. मग तू दिसलीस, काठाला. वाटलं, आता ही हाक मारती. मारली असतीस तर तितनंच वळवली असती." तो हसला. दात राखेने पांढरे होते. "तू न्हाई मारलीस. म्हटलं, व्हय म्हणती पोर."

हातातली वडी मी धरूनच बसले.

"मग साहेबांना का नाही सांगितलंत? मी होते म्हणून?"

"तू न्हाई सांगितलंस," मायाप्पा म्हणाला. "म्हंजी तुला सांगायचं नसंल." मग आवाज खाली आणून, एखादं साधं काम सांगावं तसं म्हणाला, "तुजी पावलं म्या लगोलग झाडून टाकली हुती. लई खोल ग्येल्ती. उगं कुनी वाचंल."

आमच्यापैकी कुणालाच पावलं वाचता येत नव्हती. ती विद्या त्या टेकडीवर त्याला एकट्यालाच येत होती.

संध्याकाळी ट्रक निघायच्या आधी मी दुसरा कागद काढला. पूर्वेच्या काठाशी हाताएवढी जागा अजून भरायची होती. तिथे राखेचे ठिपके द्यावेत तर मला दिसली होती ती राख नव्हती, खराट्याच्या रेघा होत्या. रेघा काढाव्यात तर सर विचारणार, एवढीच जागा का झाडली? मी पेनाला टोपण लावलं.

एप्रिलमध्ये मला कायम केलं. कोळनूरचा अहवाल तीन वर्षांनी निघाला, त्यात चौदा काळे खूर छापले गेले आणि तळटिपेत मायाप्पाचं पूर्ण नाव. निळा कागद छापला नाही. तो संस्थेच्या कपाटात गुंडाळी होऊन राहिला. मायाप्पा वारला. सर मागच्या पावसाळ्यात गेले. त्यांनी त्या जागेबद्दल मला कधी काही विचारलं नाही. त्यांच्या नजरेतून ती सुटली असेल असं म्हणायला मी धजत नाही.

गेल्या महिन्यात संस्थेतून एका मुलीचा फोन आला. जुने नकाशे संगणकावर घेण्याचं काम तिच्याकडे आहे. बोलणं चटपटीत, आवाज तरुण.

"मॅडम, कोळनूरचा दुसरा कागद उघडलाय. सतरा निळे खूर आहेत तो. बाकी सगळीकडे तुम्ही ठिपके दिलेत, कुठेही एक सेंटिमीटर मोकळा नाही. फक्त पूर्वेच्या काठाला एवढीशी जागा कोरी आहे. तिथे खणलं नव्हतं का?"

"खणलं होतं."

"मग तिथे काही नव्हतं, असं लिहू?"

खिडकीबाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं. खराट्याचा आवाज संथ येत होता.

"नको," मी म्हणाले. "लिही, तिथे मी उभी होते."